भिंगावरची कडी

फिल्टर हा शब्द आमच्या धर्मग्रामात उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातील पाण्याचे यंत्र उभे राहते. त्यात काही गैर नाही. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसणारी रंगीत काचही गाळण्याचेच काम करते. फरक इतकाच, की पाण्यातील गाळाऐवजी ती प्रकाशातील नको असलेला रंग अडवते. ज्यांनी केवळ मोबाईलवर फोटो काढले आहेत, त्यांना या काचेची गरज कधी भासली नसेल. पण कृष्णधवल फिल्मवर काम करणाऱ्यास तिच्यावाचून चालत नाही, आणि जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ती काच धरून ठेवणारी कडी आज बाजारात सहजासहजी मिळत नाही. ती घरच्या घरी कशी करावी आणि ती करण्याच्या भरीस आम्ही का पडलो, हे वाचकांपुढे मांडावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

दोन भिंगांचा कॅमेरा म्हणजे काय, हे पन्नाशीपुढील वाचकांस सांगावे लागणार नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यात ज्या घरांच्या भिंतीवर आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो अजून टांगलेला आहे, त्यांतील कित्येक फोटो याच यंत्राने टिपलेले असावेत. दोन भिंगे एकावर एक बसवलेली. वरच्यातून पाहावयाचे, खालच्यातून चित्र फिल्मवर उतरवावयाचे. फोटो काढणारा कॅमेरा पोटाशी धरतो आणि मान खाली घालून, वरच्या झाकणातील घासलेल्या काचेवर चित्र पाहतो. ते सरळ दिसते, पण डावे-उजवे उलटे. आमच्या लहानपणी गावातील एक वृद्ध गृहस्थ म्हणत, की समोरच्या माणसापुढे मान लववून फोटो काढणारा हा एकच कॅमेरा. ते तेव्हाही पटले होते. आज समारंभात मोबाईल उगारून उभ्या राहणाऱ्यांची रांग पाहिली, की अधिकच पटते.

या जातीचे सर्वांत नामवंत यंत्र म्हणजे रोलायफ्लेक्स. जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरी फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून ते १९२९ साली बाहेर पडले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार; त्यांच्याही हाती रोलायफ्लेक्स होता आणि स्वातंत्र्याच्या काळातील दिल्ली त्यांनी टिपली. पुढे जपानी यंत्रे आली. त्यांपैकी याशिका कंपनीचे कॅमेरे आपल्याकडील गावोगावच्या स्टुडिओंना परवडले. आमच्याकडे आहे तो ‘याशिका-मॅट १२४ जी’. हा नमुना १९७० साली निघाला आणि १९८६ साली त्याचे उत्पादन थांबले. एका दिवंगत ज्येष्ठ धर्मगुरूंच्या कपाटातून तो रीतसर आमच्याकडे आला. चामड्याच्या पेटीसह, पण एकाही फिल्टरशिवाय. त्याच्या नाकावर प्रकाश मोजणारे छोटे यंत्र आहे. ते ज्या पाऱ्याच्या बटनसेलवर चालत असे, तो सेल आता निघत नाही. म्हणून आम्ही हातातील वेगळ्या मीटरवर प्रकाश मोजतो. बाकी शटर अजून घड्याळासारखे चालते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे तांबडे लुगडे.

आमच्या कुपारी समाजातील स्त्रियांचे चौकड्यांचे तांबडे लुगडे वाचकांना ठाऊक आहे. ते रोज नेसणाऱ्या स्त्रिया आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. सणासुदीला, समाजाच्या मेळाव्यांत तरुण मुली हौसेने नेसतात, फोटो काढून घेतात. ते चांगलेच आहे. परंतु ज्या बाईने विहिरीवर, वाडीत, बाजारात, प्रसूतीत आणि दुखवट्यातही दुसरे काही नेसले नाही, तिच्या अंगावर लुगडे ज्या रीतीने बसते, ती रीत हौसेने येत नाही. आमच्या नात्यातील आणि ओळखीतील अशा अकरा वृद्ध स्त्रियांची नावे आम्ही एका कागदावर लिहून काढली होती. वय सर्वांचे ऐंशीच्या पुढे. त्यांचा प्रत्येकीचा एक नीट फोटो, घराच्या अंगणात, दिवसाच्या उजेडात, टिकाऊ फिल्मवर काढून ठेवावा असे ठरवले. धर्मगुरूच्या कामात अंत्यविधीला जाणे पुष्कळ येते. शवपेटीशेजारी ठेवलेला फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातील गर्दीतून मोबाईलने टिपलेला आणि मोठा करताना विस्कटलेला असतो. नव्वद वर्षे जगलेल्या माणसाचा तेवढाच चेहरा मागे राहतो, हे आम्हांला बरे वाटत नसे.

रंगीत फिल्म का नाही, असे कुणी विचारील. रंगीत चित्राचे रंग वर्षांगणिक उतरतात. १९८० च्या सुमाराचे आपल्या घरातील अल्बम उघडून पाहावेत, सगळे चेहरे तांबूस-पिवळे झालेले दिसतील. कृष्णधवल चित्र नीट धुतलेले असेल, तर त्यातील चांदी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण कृष्णधवल फिल्म आणि तांबडा रंग यांचे पूर्वीपासून वाकडे आहे.

सुरुवातीच्या काळातील फोटोच्या काचा केवळ निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला ओळखत. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळले, की मिश्रणात विशिष्ट रंगद्रव्य घातले तर काच हिरव्या प्रकाशालाही जागी होते. तांबडा रंग तरीही तिला दिसत नसे. सर्व रंग पाहणाऱ्या काचा इंग्लंडमधील रॅटन अँड वेनराइट यांनी १९०६ साली विक्रीस आणल्या. पण त्या अंधारातच हाताळाव्या लागत, म्हणून स्टुडिओवाल्यांनी तांबड्या दिव्याखाली धुता येणारी जुनी जात पुढे पुष्कळ वर्षे सोडली नाही. आपल्या पणजीच्या फोटोतील लुगडे डांबरासारखे काळेभोर का दिसते, त्याचे कारण बहुधा हेच. कित्येक घरांत आम्ही ऐकले आहे, की ‘आजी तेव्हा सुतकात होती, काळे नेसली होती.’ आजी सुतकात नसावी. त्या काचेला तांबडे दिसत नव्हते.

आजची फिल्म तांबडे पाहते. तिची अडचण वेगळी आहे. ती रंगाचे रूपांतर राखाडी छटेत करते, आणि तांबड्याची व हिरव्याची राखाडी छटा पुष्कळदा अगदी एकसारखी पडते. आमच्या मोठ्या काकीच्या लुगड्यात तांबड्या पोतावर हिरव्या रेघांच्या चौकड्या आहेत. उघड्या डोळ्यांना त्या दहा पावलांवरून दिसतात. फिल्टरशिवाय घेतलेल्या चित्रात चौकड्या गायब. लुगडे म्हणजे एक सपाट राखाडी चादर. इथे रंगीत काच उपयोगी पडते. जिच्यातून तांबडे सहज जाते आणि हिरवे अडते, अशी नारिंगी काच लावली तर पोत उजळतो आणि रेघा गडद होतात. पिवळसर हिरवी काच लावली तर उलट होते: पोत गडद, रेघा उजळ. दोन्ही प्रकारे चौकडी परत येते. पण नारिंगी काचेने चेहरा फिका पडतो, ओठ पांढुरके होतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील बारीक सुरकुत्या पुसल्या जातात. स्टुडिओवाल्याला ते हवेसे वाटेल. आम्हांला त्या सुरकुत्याच हव्या होत्या. म्हणून पिवळसर हिरवी.

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हे कॅमेऱ्याच्या जुन्या-नव्या सामानाचे ठिकाण. तेथे दोन दुपारी घालवल्या. याशिका-मॅटच्या भिंगाला ‘बे-वन’ नावाची बायोनेट पद्धतीची कडा आहे. तिच्यात फिल्टर आट्यांनी फिरत नाही. कान खाचेत घालून थोडे वळवले, की बसतो. या मापाचे जुने फिल्टर क्वचित दिसतात, आणि दिसले तर विकणारा त्यांची किंमत ओळखून असतो. आम्हांला मिळाले ते असे: एक पिवळा काचेचा फिल्टर, ४०.५ मिलिमीटरच्या कडीत, कडीवर रशियन लिपीतील एक अक्षर आणि पुढे दोनाचा आकडा. आणि एक पिवळसर हिरवी काच, कडी निखळलेली, नुसतीच, कागदात गुंडाळलेली. दुकानदाराने ती जवळजवळ फुकटच दिली. ‘फादर, हिला लावणार कशावर?’ असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता.

आम्ही सध्या कामणला आहोत, हे या बाबतीत सोयीचे ठरले. पश्चिमेकडच्या आमच्या गावात वाड्या आणि विहिरी आहेत. कामणला डोंगर आहे, शेते आहेत आणि भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत गाळेच गाळे आहेत. नळाचे सामान, लेथ, वेल्डिंग, प्लास्टिकचे साचे, सर्व काही हाकेच्या अंतरावर. रस्त्यावरील मालमोटारींची धूळ भिंगाला मानवत नाही, हा भाग वेगळा.

प्रथम विचार होता नाताळच्या ताऱ्याला लावतात त्या रंगीत जिलेटीन कागदाचा. पुष्कळ जण असे करून पाहतात, म्हणून त्याविषयी दोन शब्द. फोटोसाठी तयार केलेले खरे जिलेटीन फिल्टर असतात. ते जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असतात आणि चित्राला मुळीच बाधा आणत नाहीत. ताऱ्याचा कागद तसा नसतो. त्यावर बारीक लाटा असतात, त्या भिंगापुढे आल्या की चित्र मऊ पडते. शिवाय तो दिसायला पिवळा असला, तरी नेमका कोणता प्रकाश अडवतो याचा भरवसा नाही. ताऱ्याला तो शोभतो, त्याला तिथेच राहू द्यावे.

कडी करण्याची आमची रीत सांगतो. सामान: नळाचा ४० मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप, त्याच मापाचा एक कपलर, सायकलच्या चाकाचा एक स्पोक, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेली फेल्टची पट्टी, पॉलिश पेपर आणि शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग.

पाइपचा बोटाच्या एका पेराहून कमी, सुमारे ८ मिलिमीटर लांबीचा तुकडा काटकोनात कापावा. हा तुकडा भिंगाच्या बाहेरील कडेवर सरकून बसणार. पाइपचा आतील व्यास भिंगाच्या कडेहून दीड-दोन मिलिमीटर मोठा असला, तर आत फेल्टची पट्टी चिकटवून तो घट्ट करता येतो. लहान पडत असेल तर तुकडा उकळत्या पाण्यात धरावा. पीव्हीसी नरम होते, आणि योग्य जाडीच्या लाकडी गुल्लीवर दाबून थंड केले, की नवे माप धरून राहते. मागच्या बाजूने तीन ठिकाणी बारीक चिरा द्याव्यात, म्हणजे तुकडा थोडा फाकतो आणि भिंगाची कडा ओरखडत नाही. मापे ज्याने त्याने आपल्या यंत्रावर, कॅलिपरने घ्यावीत. एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांतही फरक असतो.

आता कपलर. त्याच्या आत ४० मिलिमीटरचा पाइप बसतो, म्हणजे त्याचा आतील व्यास तितकाच. त्याचा एक आखूड तुकडा कापून पाइपच्या पुढच्या टोकावर असा चिकटवावा, की तो चार-पाच मिलिमीटर पुढे राहील. पाइपचे टोक ही झाली पायरी. काच तिच्यावर टेकते. आमची काच ३८ मिलिमीटरची, भोवती उरलेली फट काळ्या कागदाच्या पट्टीने भरली. स्पोकची तार वाकवून, टोके न जोडता, कपलरच्या आतील व्यासाहून किंचित मोठी अशी कडी करावी. ती चिमटून आत सोडली, की फाकून भिंतीला धरते आणि काच जागेवर राहते. चिमटून बाहेर काढली, की काच बदलता येते. रशियन फिल्टरची काचही तिच्या कडीतून सोडवून याच खोबणीत बसली, त्यामुळे दुसरी कडी करावी लागली नाही.

नळवाल्यांच्या सोल्युशनने सांधा चिकटवल्यावर एक पूर्ण दिवस थांबावे. त्याची वाफ काचेवर बसते आणि सहज निघत नाही. आतील सर्व भाग फळ्याच्या रंगाने काळा करावा. हा रंग मुद्दाम निस्तेज केलेला असतो, फळा चमकू नये म्हणून. तोच गुण इथे कामास येतो. चकचकीत काळा रंग लावाल, तर बाजूचा उजेड आत परावर्तित होऊन चित्रावर धुके पसरेल.

खोलीचा हिशोब महत्त्वाचा आहे. ८० मिलिमीटरचे भिंग साडेपाच सेंटिमीटर चौरस चित्र घेते, तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कोन सुमारे ५३ अंशांचा होतो. सोप्या शब्दांत, भिंगापासून १० मिलिमीटर पुढे गेले की चहूबाजूंनी सुमारे ५ मिलिमीटर अधिक मोकळी जागा पाहिजे. नळी लांब केली, तर चित्राचे चारही कोपरे काळे होतात. हे फिल्म वाया न घालवता तपासता येते. कॅमेऱ्याचे मागचे दार उघडावे, शटर उघडे धरावे आणि फिल्मच्या चौकटीच्या कोपऱ्यातून भिंगाकडे पाहावे. भिंगातले गोल छिद्र पूर्ण दिसले तर ठीक. एका बाजूने कापलेले दिसले, तर कडी पॉलिश पेपरवर घासून आखूड करावी.

एक अडचण केवळ याच जातीच्या कॅमेऱ्याची. दोन्ही भिंगांच्या मध्यांत जेमतेम दोन-अडीच बोटांचे अंतर असते. खालच्या भिंगावर मोठी कडी बसवली, की ती वरच्या भिंगाच्या तोंडावर चढते आणि पाहण्याच्या काचेवर खालून काळी सावली येते. आमचा कपलर बसला, पण वरच्या कडेला केसभराचेच अंतर उरले. रोलायकॉर्ड असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: त्याच्या खालच्या भिंगाखाली शटर ताणण्याची दांडी असते, तिच्यापर्यंत बोट पोहोचले पाहिजे. रशियन ल्युबिटेलमध्ये तर दोन्ही भिंगांच्या कडांना दाते आहेत. फोकस करताना ती एकमेकांना फिरवतात. तेथे कडी हलकी हवी आणि दात्यांत अडकता कामा नये.

गाळ्यातील लेथवर अ‍ॅल्युमिनियमची कडीही करून घेतली. तिशीतला टर्नर, पाइपचा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “फादर, नळाचं सामान कॅमेऱ्याला? द्या, मी नीट कातून देतो.” कातून दिली ती खरोखर देखणी होती, माप केसाइतके अचूक, आणि पैसे घ्यायला तयार होईना. तरीही आमचे मत विचाराल, तर पीव्हीसीची कडीच बरी. धातूची कडी भिंगाच्या पॉलिशला ओरखडे काढते, आणि कॅमेरा हातून टेकला गेला, तर धक्का सरळ भिंगाला देते. पीव्हीसी स्वतः फुटते आणि भिंग वाचवते. टर्नरला हे सांगितल्यावर तो थोडा हिरमुसला. पण आमच्या टेबलावर ती अ‍ॅल्युमिनियमची कडी ठेवलेली पाहून खूश झाला.

हाताने यंत्र घडवण्याचा वारसा आपल्या मराठी मुलखात जुना आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपले शिष्य दामले यांच्या साहाय्याने १९१८च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेराच स्वतः तयार केला, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांच्यापुढे आमची कडी म्हणजे काहीच नाही. पण जे विकत मिळत नाही ते करता येते का, एवढे पाहण्याची सवय त्याच मातीतली म्हणावी.

फिल्टरने प्रकाश अडतो, म्हणून तो भरून द्यावा लागतो. कोडॅकच्या क्रमवारीत ८ क्रमांकाच्या पिवळ्याला दुप्पट, ११ क्रमांकाच्या पिवळसर हिरव्याला चौपट आणि २५ क्रमांकाच्या तांबड्याला आठपट प्रकाश सांगितला आहे. आमच्या निनावी काचेचा आकडा कळायचा कसा? हातातील मीटर पांढऱ्या भिंतीकडे धरावा, आकडा घ्यावा. मग काच मीटरच्या डोळ्यापुढे धरून पुन्हा आकडा घ्यावा. फरक जवळजवळ दोन पायऱ्यांचा आला, म्हणजे चौपट. १/१२५ सेकंदाऐवजी १/३० सेकंद. एवढ्या संथ शटरला तिवई हवीच, आणि नव्वदीच्या माणसाला क्षणभर स्थिर बसवण्याची कलाही हवी.

फिल्टरचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल, तर आधी तो वरच्या भिंगावर चढवावा, पाहण्याच्या काचेवर नजर टाकावी आणि मग खाली उतरवावा. पिवळ्या-हिरव्याला याची फारशी गरज नाही. पण पाण्यावरची चकाकी काढणाऱ्या पोलरायझरला आहे: तो वर फिरवून योग्य जागा शोधायची, कडीवर वरच्या बाजूस पांढरा ठिपका द्यायचा आणि खालच्या भिंगावर ठिपका त्याच जागी ठेवून बसवायचा. भातखाचरात उभे राहिलेले पाणी टिपताना आम्ही असेच करतो.

कामणला पिवळी काच कामास येते ती डोंगरासाठी. तुंगारेश्वराची रांग आणि कामणदुर्गाचा माथा उन्हाळ्यात धुरकट दिसतो. दूरच्या धुक्यात निळा प्रकाश जास्त असतो. पिवळी काच तो अडवते आणि डोंगराच्या घळी पुन्हा दिसू लागतात. मात्र आषाढातील आकाशापुढे कोणतीही काच लावा, राखाडी ते राखाडीच. गणपती उठल्यावर पाऊस ओसरतो आणि निळ्या आकाशात पांढरे ढग तरंगतात. पिवळ्या काचेचे दिवस ते. पण हे झाले हौसेचे.

काकीचा फोटो काढायला गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ती आमच्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. आम्हांला ‘फादर’ म्हणते आणि त्यापुढे ‘तू’. दोन्ही तिच्या तोंडी शोभतात. ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत पाटावर बसली. कडी लावताना तिने विचारले, “फादर, तू हे पाण्याच्या पायपाचं काय लावतोस त्याला?” “काकी, तुझ्या लुगड्याच्या चौकड्या दिसाव्यात म्हणून.” “मग माझ्या चेहऱ्याचं काय होईल?” तोच प्रश्न आम्हीही आठवडाभर स्वतःला विचारीत होतो. “तोही दिसेल, आहे तसा.” “आहे तसाच दिसू दे. गोरी करू नकोस.”

एका फिल्मवर बारा चित्रे येतात. तिच्यासाठी चार घेतली. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आपल्याकडे मिळत असे; तो कारखाना बंद पडला. आता १२० मापाची फिल्म परदेशातून येते, इंग्लंडची किंवा झेकियाची, आणि ती महाग आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी बटन दाबण्यापूर्वी हात थांबतो. फिल्म आम्ही स्वतः धुतो, न्हाणीघरात, रात्रीच्या जेवणानंतर.

पंधरा दिवसांनी छापील चित्र घेऊन गेलो. काकीचे डोळे अधू आहेत, तिने चित्र खिडकीकडे नेले. चेहऱ्याकडे तिने फार वेळ पाहिले नाही. लुगड्याच्या पदरावर बोट ठेवले, चौकड्यांवरून फिरवले आणि म्हणाली, “हे आगाशीच्या बाजारातलं. धाकट्याच्या बाप्तिस्म्याला घेतलेलं. दुसऱ्यावर पदराशी दुहेरी रेघ आहे, यावर एकेरी.” कृष्णधवल चित्रावरून तिने लुगडे ओळखले. घरातील सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना दोन्ही लुगडी सारखीच वाटत होती. मग काकीने सुनेला हाक मारून सांगितले, “हा पेटीत ठेव. त्या दिवशी हाच लावा. मोबाईलमधला नको.” सून रडू लागली, काकी मात्र चहा का ठेवला नाही म्हणून तिला बोलली.

अकरांपैकी सात जणींचे फोटो झाले आहेत. दोघी आम्ही पोहोचण्यापूर्वीच गेल्या. एकीच्या घरी फोटोची विचारणा केली होती, दिवसही ठरला होता. उरलेल्या दोघींपैकी एक लेकीकडे भाईंदरला असते आणि तिथे ती लुगडे नेसत नाही. पण पेटीत एक ठेवले आहे, आणि नाताळात गावी येईन तेव्हा नेसेन असा निरोप तिने पाठवला आहे. दुसरी अंथरुणाला खिळली आहे. तिच्या खोलीत एकच लहान खिडकी. पिवळसर हिरव्या काचेमागे तिथे १/३० सेकंद पुरणार नाही, एक पूर्ण सेकंद लागेल. ती स्थिर पडून असते, त्यामुळे तेवढे जमावे. तिवई तिच्या खाटेच्या उंचीला उतरत नाही, म्हणून टर्नरकडे आखूड पायांची दुसरी करायला दिली आहे. शनिवारी देतो म्हणाला आहे.